सूनबाईची दोन बोटं

३ फेब्रुवारी

लिही — किंवा टाईप कर, जे काय म्हणतात ते. मी बोलणार, तू बडवणार. मला अक्षर येत नाही म्हणून मला रोजनिशी असू नये असं कुठं लिहिलंय? आणि लिहिलं असेल तर मला कुठं वाचता येतंय!

सूनबाई म्हणाली, "आई, मी दमून आलेय." म्हटलं, बसूनच तर करायचंय. बसली. दोन बोटांनी एकेक अक्षर वेचतेय, धान्यातले खडे वेचावेत तशी. माझं वाक्य बोलून गार झालं तरी हिचा पहिला शब्द चाललाय!

४ फेब्रुवारी

ही नर्स. हिच्या दवाखान्यात आता पेशंटचं सगळं कॉम्प्युटरवर. आजवर धाकटी नर्स टाईप करायची, बाकीच्या तिला सांगायच्या. त्यामुळे अख्ख्या वॉर्डाला त्या एकट्या पोरीनंच सुया टोचल्या असं दिसायचं. काय दहा हात आहेत तिला? मेट्रनबाईंनी बजावलंय — पुढच्या एक तारखेपासून ज्याचं काम त्यानंच नोंदवायचं. नाही जमलं तर वॉर्ड सोडा, स्टोअरमध्ये चादरी सांभाळा.

ही आणि चादरी! नुसत्या कण्हण्यावरून दुखणं ओळखणारी बाई आहे ही. (गाळू नकोस. तुझी स्तुती आहे म्हणून काय झालं?)

हिला यंत्राची भीती नाही. हिचं म्हणणं वेगळंच — "मी आधी पेशंट बघते, मग लिहिते. ते मेलं लिहिल्याची वेळ दाखवतं. सकाळचं इंजेक्शन दुपारी टाईप केलं की दुपारी दिलं म्हणतं. मी खोटी ठरते, आई!" म्हणून ही आपली ॲप्रनवर चिकटपट्टी लावते, तिच्यावर पेनानं टिपते.

६ फेब्रुवारी

काल हिला गोगलगाय म्हटलं. ते हिनं टाईपच केलं नाही! आज करून घेतलं.

१० फेब्रुवारी

आज ही घरात शिरली, पिशवीतून ॲप्रन काढला आणि दारातच थिजली. पट्टीवर एका पेशंटचं दुखण्याचं इंजेक्शन टिपलेलं. पेशंट वरच्या वॉर्डात हलवलेला, यंत्रात नोंद नाही. चप्पलसुद्धा न काढता फोन लावला. वरच्या सिस्टरनं तेच इंजेक्शन पुन्हा द्यायला भरून घेतलं होतं! हिच्या फोननं थांबली.

मी पाणी दिलं. टोमणा मारला नाही. मलाच नवल वाटलं.

मग म्हणाली, "माझी वेळ खोटी दिसेल याची मला काळजी. पेशंट गेला वरच्या वॉर्डात आणि माझी पट्टी आली घरी."

आज घरातलं यंत्र हिनं स्वतःहून उघडलं. "बोला, आई."

१७ फेब्रुवारी

आज मेट्रनबाईंसमोर जाऊन उभी राहिली म्हणे! "पलंगापाशी नोंद हवी, तर यंत्र पलंगापाशी द्या. सगळ्या वॉर्डाला कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर, मी धावू की सुई देऊ?" मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम्ही आजवर कधी काही मागितलं नव्हतंत." चाकांच्या गाडीवर बसवून दिलं. चाक कुरकुरतं, पण जातं. आता सुई दिली की तिथंच नोंद, वेळ खरी.

वाघीण आहे माझी सून. आणि वाघिणीला म्हणे "डिलीट" कुठं आहे ते अजून सापडत नाही!

२१ फेब्रुवारी

काही नाही. डोळा लागला माझा. ही तशीच बसून होती.

१ मार्च

वॉर्ड राहिला! स्वतःच्या पासवर्डानं, स्वतःच्या हातानं. धाकटीनं म्हणे टाळ्या वाजवल्या.

आता ऐक. मला कसली आलीय रोजनिशी? तुझी बोटं वळावीत म्हणून मी रोज बडबडत होते. काम झालं. कर बंद ते.

२ मार्च

ही आज पुन्हा येऊन बसली. म्हटलं, आता कशाला गं?

म्हणाली, "बोटं तर केव्हाच चालायला लागली होती, आई. लवकर जमलं तर तुम्ही बोलायच्या थांबाल, म्हणून घरी सावकाश करत होते."

दोन्ही बोटं टेकवून, माझ्या पुढच्या शब्दासाठी ही थांबलीय. थांबू दे.