साखरपाण्यावरची पिल्लं

प्रिय ठिणगी,

आधी वाच, मग फाड. सुटली गं, सगळी पिल्लं सुटली! घाईघाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं उंदीर पळाल्यासारखं आलंय.

कॉलेज अर्ध्यावर सोडून मी तुझ्या पप्पांच्या दुकानात कुत्र्याच्या पिल्लांचे पिंजरे धुवायला का लागलो, हे तुला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. जिना उतरताना तू दिसायचीस, तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. पप्पांनी आल्या आल्या धंद्याची मेख शिकवली: गिऱ्हाईक दारात दिसलं की पिल्लांना साखरपाणी पाजायचं. घटकाभर अशी बागडतात की बघणारा विरघळलाच! वय विचारलं तर दोन महिने सांगायचं. खरं तर महिन्याचीही नसायची. माझं बोटच आईचं आचळ समजून चोखायची.

परवा शिवणकामवाल्या मावशी त्यांनी नेलेलं पिल्लू टॉवेलात गुंडाळून परत आल्या. पार मलूल पडलेलं. पप्पांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मावशी म्हणाल्या, माल कापडाला म्हणतात हो, हा श्वास घेतोय. पप्पा हसले आणि माझं डोकं सटकलं. भरल्या दुकानात ओरडलो, अहो, साखरपाण्यावर नाचवतो आम्ही यांना!

मावशींनी तडक ग्राहक न्यायालय गाठलं, मी प्राणी-निरीक्षक बाईंना. एवढ्या कोवळ्या पिल्लांना आईपासून तोडून विकणं गुन्हा आहे, हे बाईंनी पप्पांना कायदा उघडून वाचून दाखवलं. पिल्लं ताब्यात घेऊन आज बाईंनी पैदासवाल्याच्या शेडमधून त्यांची आई आणली. काय सांगू तुला! एकमेकांना तुडवत सगळी तिला जाऊन चिकटली, मावशींचं मलूल बाळसुद्धा, आणि ती माउली डोळे मिटून नुसती पडून राहिली. मी तर रडलोच.

पप्पा म्हणाले, खाल्ल्या मिठाला जागला नाहीस, वर माझ्या पोरीवर डोळा ठेवतोस? म्हटलं, ठेवतोच! बघ, तुझ्यासमोर कधी जमलं नाही ते त्यांच्यासमोर बोलून बसलो.

ग्राहक न्यायालयात तारीख लागली की मावशींच्या बाजूने साक्षीला माझं नाव पुकारतील. ते तिथे पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र. तू पप्पांच्या शेजारी बसशील. बसच, ते एकटे नकोत. फक्त मी बोलत असताना मान खाली घालू नकोस. तू बघितलंस की माझी बोबडी वळते. वळू दे. तरी बघ.

तुझाच, मानलंस तर,
भडकू