लिफ्ट चालू असल्याची तक्रार

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (कंबर लचकल्यामुळे आठातली एक-दोन अंगं जमिनीला टेकलेली नाहीत, तेवढं चालवून घ्या. का लचकली ते पुढे येतंच आहे.) तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा काय म्हणतो? इकडे आई ठणठणीत आहे आणि माझी पीएचडी कधी संपणार हे शेजाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त खात्रीने सांगते. तुमचंच म्हणणं आहे की फोनवर कामाचं बोलावं आणि मनातलं पत्रात लिहावं, म्हणून हा कागद.

मामा, तुम्ही माझा घात केलात. रागावू नका, पुढे वाचा. गणित-संख्याशास्त्राच्या विभागात मी नक्की काय करतो, हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी विषय बदलतो. तर ऐका. एखादं यंत्र आजवर केव्हा केव्हा बंद पडलं, यावरून ते पुन्हा केव्हा बंद पडेल याचा अंदाज बांधायचा, हे माझं संशोधन. त्याला मनापासून बिघडणारं यंत्र लागतं. आमच्या विभागाच्या इमारतीची लिफ्ट असं रत्न होती. ती दोन मजल्यांच्या मध्ये रुसून बसायची, लोक शिव्या घालायचे आणि मी कोपऱ्यात उभा राहून वेळ टिपायचो. (त्यावरून माझं नाव 'पनवती' पडलं. मी दिसलो की लोक जिन्याने जायला लागले, त्याचाही हिशेब मला आकडेमोडीत धरावा लागला.)

अशात तुम्ही, हाडाचे लिफ्ट मेकॅनिक, मला भेटायला आलात. चहा येईपर्यंत नुसतं बसवेना म्हणून वर मशीनरूममध्ये चढलात आणि हातासरशी काहीतरी आवळून आलात. तेव्हापासून ती बया थांबायचं नाव घेत नाही. पाचव्या मजल्यावरच्या प्राध्यापिका बाई तुम्हाला दुवा देतात. अख्ख्या इमारतीत सुतक फक्त मला आहे.

माझे गाईड म्हणतात, न बिघडणं हीसुद्धा माहितीच. आमच्यात त्याला खंडित निरीक्षण म्हणतात, म्हणजे शेवट बघण्याआधीच सिनेमातून उठून यायचं. पण मी शेवटच्या प्रकरणात छातीठोकपणे लिहून बसलोय की लिफ्ट या महिन्यात बंद पडणार, आणि तोंडी परीक्षा महिनाअखेरीस आहे. अंदाज चुकला तर ते प्रकरण काढा, असं सर म्हणाले. ते काढलं की प्रबंधात उरतात फक्त आभार. (त्यात तुम्ही आहात.)

मग विज्ञानाला थोडा हातभार म्हणून मी ग्रंथालयातले नियतकालिकांचे जुने जाडजूड अंक लिफ्टमध्ये भरून तिला वर-खाली नाचवलं. ती ढिम्म हलली नाही, म्हणजे व्यवस्थित हलली, आणि माझी कंबर गेली. दुसऱ्या दिवशी आत उड्या मारत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि समोर विभागप्रमुख बाई. त्यांनी वळून जिना धरला. दुपारी सरांना विचारलं म्हणे, पोरावर कामाचा ताण जास्त होतोय का.

हसू नका, मामा. बरोबरीचे सगळे नोकऱ्यांना लागले. आई रोज दारातच "झालं का रे?" विचारते आणि मी चपला काढायला उगाच वेळ लावतो. या खेपेला मला "झालं" म्हणायचंय.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. एकदा येऊन जे आवळलंत ते थोडं सैल कराल का? कुणाला धोका नको, फक्त तिची जुनी सवय परत यावी एवढंच. आईला कळू देऊ नका.

आणखी ता. क. येऊ नका. पत्र टाकायचं राहून खिशातच पडलं होतं. आज परीक्षा आहे आणि आत्ताच लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आपोआप, देवाशपथ. अंदाज खरा ठरला. कंबर धड असती तर नाचलो असतो.

शेवटचा ता. क. असाल तसे निघा. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून या पत्राचेच फोटो काढून पाठवतोय. आत सर आहेत आणि बाहेरगावचे परीक्षक आहेत. मी दाराला तोंड लावून अंदाज खरा ठरल्याचं दोघांना कळवलं. त्यावर परीक्षकांनी आतूनच पहिला प्रश्न विचारला, की ही सुरू कधी होणार. मामा, अख्खा प्रबंध ती बंद कधी पडेल यावर आहे. सुरू कधी होईल यावर त्यात एक ओळ नाही.