नसलेल्या हाताची मूठ

कारंजा, ३ फेब्रुवारी १९३५
आजपासून डायरी. डाव्या हाताने. मॅनेजरसाहेब म्हणाले, शालिग्राम मिस्त्री, पाडव्यापर्यंत डाव्या हाताचं अक्षर वाचण्याजोगं करा, कापसाच्या जिनच्या फाटकावर टाइमकीपरची खुर्ची देतो. एवढंच ना! दोन महिने म्हणजे मला फार झाले.
उजवा हात मार्गशीर्षात गेला. सरकी काढायच्या मशीनच्या रुळांत, कोपराखाली. यंत्रांना तेल घालणाऱ्या लखमाचा जीव वाचवताना. जखम भरली. तक्रार एकच, गेलेल्या हाताची मूठ मिटलेली आहे आणि नखं तळव्यात रुततात. लिहिताना हसू येतं. दुखणं मात्र हसण्यासारखं नाही.

५ फेब्रुवारी
बायको, सोजर, म्हणे, मूठ मिटलेलीच गाडली, म्हून दुखते. उकरा, बोटं सरळ करा, मीठ टाका अन् पुन्हा गाडा. तिच्या माहेरी धनजला कोण्या म्हाताऱ्याच्या पायाचं असंच केलं होतं. मी बारा वर्षं मशीनवर काढलेला माणूस! तिला बजावलं, हे खूळ पुन्हा काढायचं नाही. तर म्हणे, अन् लखमा तं त्या दिवशी मेडशीले लग्नाले गेलता, तुमी त्याले वाचवलं कसं? बायकांना तपशिलाची भारी हौस.

९ फेब्रुवारी
हबीब मास्तरांकडून शरीरशास्त्राचं पुस्तक आणलं. एका बैठकीत उलगडा. मेंदू हे हेड ऑफिस. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, ती मेन लाइन. तिथून मज्जातंतू फुटतात ते थेट बोटांच्या टोकापर्यंत. काही तंतू खबर वर नेतात, काही हुकूम खाली आणतात. विस्तवाला बोट लागलं तर मज्जारज्जू वरच्या हुकमाची वाटही पाहत नाही, परस्पर हात ओढून घेतो. (माझ्या वेळी तो काय करत होता, ते पुस्तकात नाही.)
तर माझी लाइन कोपरापाशी तुटली. तुटलेलं टोक अजून तारा पाठवतं आणि हेड ऑफिस त्या खऱ्या धरून बसलं आहे. इतकंच. भूतबीत काही नाही. मेंदू माझा, तेव्हा हुकूमही माझाच चालणार. उद्यापासून रोज सकाळी अर्धा तास.

१० फेब्रुवारी, सकाळी ७
‘उघड, उघड’ असं शंभर वेळा, मोठ्याने. शेजारच्या जैतुनबीने दार उघडलं. मुठीने दाद दिली नाही.

१४ फेब्रुवारी
हुकूम बंद. घसा बसला. नवीन निश्चय: साफ दुर्लक्ष.
जेवताना अंगठा बोटांखाली अडकला. त्या हाताचा. भाकर टाकून उठलो. सोजरला सांगितलं, भाजीत मीठ फार.

२१ फेब्रुवारी
झोप नाही. हात आखूड होत चालला आहे. मनगट आता कापल्या जागीच सुरू होतं. सकाळी माठाकडे तो माझ्याआधी जातो, मी मागून.
हात लखमाने दुसऱ्या दिवशी जिनच्या मागे निंबाखाली पुरला म्हणतात. तिकडे फिरायला गेलो, हवा चांगली असते. झाडापाशी मूठ जास्तच आवळली. योगायोग. पळालो नाही, जरा भरभर चाललो.
खरं लिहायचं तर त्या दिवशी, मशीन न थांबवता अडकलेला कापूस कसा काढावा, हे नव्या माणसांना दाखवत होतो. पण ते डायरीत कशाला?

२ मार्च
लखमाला बोलावलं. वयाने माझ्याहून थोर, तरी मिस्त्री-मिस्त्री करतो. म्हटलं, हात उकर आणि बोटं मोकळी कर. ही शास्त्रीय तपासणी आहे, सोजरच्या बोलण्याशी संबंध नाही. तो आधी नाहीच म्हणत होता. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बरं म्हणाला.

३ मार्च, दुपारी ४
लखमा येऊन गेला. म्हणे, सापडला मिस्त्री. मूठ अशी गच्च होती! एकएक बोट उकललं, करंगळीनं लय तरास देल्ला. तळवा वर करून निजवला, मीठ टाकलं. तो सांगत होता आणि इकडे एकएक बोट सुटत होतं. करंगळी सर्वांत शेवटी. देवा रे! त्याच्यादेखत रडलो. सोजरही रडली.
(तसे पुस्तकाप्रमाणे तंतू शांत होण्याची वेळ झालीच होती.)

१९ मार्च
सोळा दिवस गाढ झोप. अक्षर ठसठशीत. साहेबांनी पाहिलं, खुर्ची पक्की.

२६ मार्च
लखमासाठी नवं धोतर नेलं. म्हटलं, ती जागा दाखव, नारळ फोडू. लखमा मटकन खाली बसला. म्हणे, माफ करा मिस्त्री, निंबाखाली काईच नाही. गाडायले हात होता कुठी? रुळात चेंदामेंदा झाला. मी दुसऱ्या दिवशी आलो तं रक्ताचा कापूस सारा बॉयलरात घातला होता. तुमचं तोंड पाह्यवलं नाही, म्हून लबाड बोललो.
म्हणजे पुस्तक खरं! मूठ मातीत नव्हतीच, डोक्यात होती. शास्त्र जिंकलं. अर्धी गल्ली ओलांडेपर्यंत फार बरं वाटलं. मग करंगळी मिटली.

५ एप्रिल
काल पाडवा झाला. आज खुर्चीवर पहिला दिवस. समोरच जिनच्या बॉयलरचं धुराडं. खुर्ची फिरवून बसलो तर साहेब म्हणाले, फाटक तिकडे आहे. मूठ आधीपेक्षा घट्ट. सतरा जणांची हजेरी लिहिली, एकही नाव वाचता येत नाही.
दुपारच्या सुट्टीत लखमा तेलाचा डबा घेऊन चालला होता. त्याला बोलावून जवळ बसवलं. म्हटलं, लखमाभाऊ, हात कसा सापडला ते सांग बरं. तो म्हणे, अवो मिस्त्री, म्या तं सांगतलं ना तुमाले, तिथी काईच नव्हतं. म्हटलं, माहीत आहे मले. तरी सांग. पहिल्यापासून सांग. आन करंगळीपाशी घाई करू नोको.