ताईने दिलेले चार मार्क

३ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

ऑपरेशनला दोन महिने झाले. दुकान उघडलं, शिलाई मशीनवर बसते. खाली उतरलेली गर्भपिशवी डॉक्टरने वर बांधली, अंग बाहेर येणं थांबलं. बादलीला हात लावायची बंदी आहे, म्हणून सून डोळे वटारून पहाऱ्यावर असते.

काल हॉस्पिटलातून एका पोरीचा फोन आला, पेशंट समाधानी आहे का ते विचारायला. लघवी, शौच, चालणं, झोप, सगळी उलटतपासणी केली. मग म्हणाली, नवऱ्याजवळ जाताना त्रास होतो का. मी म्हटलं, तो कधीचा वर गेलाय, त्याच्याजवळ जायची मला घाई नाही. पोरगी खोकत बसली. शेवटी दहापैकी मार्क मागितले. मी चार दिले.

तुझंही हेच ऑपरेशन बावीस तारखेला ना? मेहुण्यांना चहाचं भांडं कुठे असतं ते आजच दाखवून ठेव.

आहे ती माया राहू दे,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मी तारीख रद्द केली. तुझ्यासारखी खमकी बाई एवढं सोसून चारच मार्क देते, तर माझं काय होणार? पाळणाघरात सांगून टाकलं, महिनाअखेरीस काम सोडते. दुपारपर्यंत अंग खाली येतं. पोरांना उचलता येत नाही. लघवी गळून कपड्यांना वास येईल या धास्तीने मी कोपऱ्यातली खुर्ची सोडत नाही. ह्यांना कंबरदुखी म्हणून सांगितलंय. रोज कंबरेला मलम चोळून देतात बिचारे.

घरी बसले म्हणजे कुणाच्या नजरेत येणार नाही. रागावू नकोस.

लोभ आटू देऊ नकोस,
तुझी बेबी

१४ फेब्रुवारी

चि. बेबीस आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

अगं, नवा कपडा दोनदा धुतल्याशिवाय मी शिवणीला बरी म्हणत नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. डॉक्टरच्या टाक्यांनाही तोच नियम लावला. धुण्याआधी चार म्हणजे कौतुकच. सुनेच्या स्वयंपाकाला अजून तीनच आहेत.

आता खरं ऐक. सुरुवातीला बसणं मुश्कील होतं, शौचाला जाणं त्याहून मुश्कील. अजून रात्री उठावं लागतं. डॉक्टरने बजावलंय, वजन उचललंत तर पुन्हा खाली येईल. पण परवा सिनेमाला गेले आणि आधी बाथरूम कुठे आहे ते न शोधता सरळ खुर्चीत बसले. कापडं बेतायला टेबलाशी तासन्‌तास उभी राहते. इतकी वर्षं पाय आवळून हसले, आता मोकळी हसते. सून म्हणते, तुम्ही आधीच बऱ्या होतात.

त्या पोरीला फोन करून नऊ मार्क करून घेतले. एक कापला, वॉर्डातला चहा पाणचट होता.

मेहुण्यांना खरं सांग. माणूस भलत्याच जागी मलम चोळतोय. उद्याच डॉक्टरकडे जाऊन नवी तारीख घे. पाळणाघराला म्हणावं, सोडत नाही, रजा द्या. मी येते राहायला. उचलणं सोडून सगळं करीन, बोलणं धरून.

तारीख कळव, मग लोभाचं बघू,
ताई

२० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर शांत आहे. ह्यांना करमत नाही, चहा बिघडला की तुझी आठवण काढतात.

सोमवारपासून पाळणाघरात रुजू झाले. उचलायची मनाई आहे म्हटल्यावर मोठ्या बाईंनी मला सतरंजीवरच बसवलं. आता पोरंच माझ्या अंगावर चढतात. टाके कधी कधी ओढल्यासारखे वाटतात, पण दुपार झाली तरी मला खुर्ची आठवत नाही.

काल फळा पुसताना खडूची धूळ नाकात गेली आणि शिंका सुरू झाल्या, एकामागून एक. पूर्वी मी भिंत धरून, पाय आवळून, डोळे मिटून शिंकायचे. कालही सवयीने हात भिंतीकडे गेला आणि मधेच राहिला. सांभाळायला काही नव्हतंच. खोलीभर आवाज घुमला, पोरं टाळ्या पिटायला लागली. सगळ्यात लहान पोरीने विचारलं, मावशी शिंकताना हसते का. मी मात्र आणखी एक येते का, याची वाट बघत होते.

धाक थोडा कमी कर, लोभ तेवढाच ठेव,
तुझी बेबी