हातांचा तास आणि दुरुस्त केलेला तराजू

४ ऑगस्ट, सकाळी ६.४०

रोजनिशी नियमित लिहिण्याचा संकल्प आजपासून. ही जाऊन पाच महिने झाले. माझी प्रकृती व मनःस्थिती उत्तम आहे, हे येथे स्पष्टपणे नमूद करतो; मुलगी फोनवर रोज तेच विचारते आणि उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

परवा हिच्या प्राथमिक शाळेत गेलो होतो. ही तिथे चोवीस वर्षे तिसरीच्या वर्गाला गणित व विज्ञान शिकवत असे. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला पुस्तके दप्तरात आणि टेबलावर झाकणे, दोऱ्या, चुंबके, भिंगे. मुले त्याला ‘हातांचा तास’ म्हणत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, साहित्य झिजलंय, नव्यासाठी तरतूद नाही, या महिन्या-दीड महिन्यात कुठून मदत मिळाली नाही तर तो तास उजळणीला द्यावा लागेल. मी म्हणालो, मदत मी आणतो. वजनमापे निरीक्षक म्हणून एकतीस वर्षे लोकांचे अर्ज वाचले. एक लिहिणे अवघड नाही.

अंदाजे दोन दिवसांचे काम.

१३ ऑगस्ट

अर्जास किंचित अधिक अवधी लागेल. एका ट्रस्टचा फॉर्म आणला आहे : ‘प्राथमिक वर्गांत प्रत्यक्ष कृतीतून विज्ञान व गणित’. म्हणजे विषय आपलाच. शब्दमर्यादा दोनशे. माझी प्रस्तावना एकोणीस पाने झाली आहे. मर्यादा सामान्य अर्जदारांसाठी असते.

हिच्या जागी आलेल्या नव्या बाई (वय फार तर सव्वीस) म्हणाल्या, काका, एवढं कशाला, मुलांनाच विचारा ना या तासात काय आवडतं, दोन ओळींत काम होईल. मी त्यांना समजावले की मुले म्हणजे परिशिष्ट नव्हे.

२१ ऑगस्ट

अर्ज परत. शेरा : ‘प्रकल्प-प्रमुखांची स्वाक्षरी नाही.’ अशा क्षुल्लक कारणावरून काम अडवणारी माणसे मी सबंध नोकरीत पाहिली नाहीत. (एक होता. तो मीच, पण ते दिवस वेगळे.)

प्रकल्प-प्रमुख या रकान्यात मी हिचे नाव लिहिले होते. वस्तुस्थिती तीच आहे. मुलीला फोन करून ट्रस्टच्या अडवणुकीबद्दल सविस्तर सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, बाबा, आई सही कशी करणार?

मला ते ठाऊक आहे. प्रश्न तत्त्वाचा होता.

सायंकाळी नवा फॉर्म आणून भरला. त्याच रकान्यात सवयीने पुन्हा तेच नाव पडले. आणखी एक आणला.

३० ऑगस्ट, दुपारी ३.००

अर्ज स्वीकारला गेला! ट्रस्टचे एक गृहस्थ १२ सप्टेंबरला प्रत्यक्ष तास पाहायला येणार. पुढची मंजुरी ही केवळ औपचारिकता. मुख्याध्यापिकांना तसे कळवूनही टाकले.

साहित्य तपासणीसाठी घरी आणले. अवस्था लाजिरवाणी. त्यातही तराजू! कपड्यांचा हँगर, डब्यांची दोन झाकणे, सुतळी. लटकवण्याची सुतळी मध्यावर नाहीच. बोटभर उजवीकडे सरकलेली. आणि उजव्या पारड्याखाली मेणाचा गोळा. परिणाम : रिकामा असताना अगदी सरळ दिसतो, मात्र दोन्हीकडे सारखीच झाकणे टाकली की डावे पारडे खाली. असे तराजू मी भर बाजारात जप्त करीत असे. निरीक्षकाची बायको, आणि मुलांपुढे हे!

जेवताना मी रोज हिला बाजारातली प्रकरणे सांगत असे. ही समोर वह्या तपासत हं हं करायची. त्यातले एक अक्षर जरी ऐकले असते तर ही वेळ आली नसती.

सुतळी मध्यावर बांधली. मेण खरवडून टाकले. त्यावर अंगठ्याचा ठसा उठला होता, हे खरवडताना लक्षात आले. आता तराजू निर्दोष आहे.

५ सप्टेंबर

प्रत्येक वस्तूवर क्रमांक चिकटवले. चौदा सूचनांचा फलक तयार केला. सूचना १ : परवानगीवाचून कशासही हात लावू नये.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तास हातांचा आहे ना? आणि हसली. आईवर गेली आहे.

१२ सप्टेंबर, सायंकाळी

भेट अत्यंत यशस्वी.

गृहस्थ वेळेवर आले. आरंभी मी पंचवीस मिनिटे प्रास्ताविक केले. त्या अवधीत त्यांनी चारदा घड्याळ पाहिले. वेळेचे भान असलेला माणूस. नंतर मुलांनी तराजूत इकडे पाच, तिकडे पाच झाकणे टाकली. तराजू सरळ. इकडे सात, तिकडे सात. सरळ. अचूकतेने मलाच भरून आले. गृहस्थांनी मुलांना विचारले, काही प्रश्न? एकालाही नव्हता. याहून उत्तम निकाल कोणता?

मागच्या बाकावरचा एक जण मात्र बाईंना म्हणाला, बाई, हा आपला तराजू नाही. नव्या बाईंनी त्याला खाली बसवले. निघताना मी त्यांना म्हणालो, कसं झालं? त्या म्हणाल्या, काका, छान... सरळ होतं सगळं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नकार. कारणाच्या जागी एकच ओळ : ‘वर्गात मुलांनी शोधावे असे काही आढळले नाही.’

तक्रारअर्जाचा मसुदा केला. अकरा पाने. गृहस्थांच्या पात्रतेविषयी परिच्छेद तिसरा विशेष उतरला आहे.

मुख्याध्यापिकांनी कळवले की पुढच्या शुक्रवारपासून उजळणी. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही मनापासून केलंत, असेही म्हणाल्या. मी वाईट वाटून घेतलेले नाही.

२० सप्टेंबर, सकाळी ११.००

नव्या बाई घरी आल्या. म्हणाल्या, सांगायचं नव्हतं, पण तुम्ही तक्रार करणार म्हणून कळलं, मग राहवेना. कपाटात मागे पडलेली हिची टाचणवही त्यांनी आणली होती. पान उघडून टेबलावर ठेवले. अक्षर हिचेच :

‘लबाड तराजू. रिकामा सरळ, भरला की खोटा. सारखी झाकणे टाकून एक बाजू खाली का, हे मुलांना सांगायचे नाही. पारडी बदलू देत, भांडू देत, मोजू देत. तीन तास लागतात. तिसऱ्या तासाला कुणीतरी सुतळीकडे बघतंच. (युक्ती ह्यांच्या त्या धान्यवाल्याची. सुतळी बोटभर उजवीकडे, मेण सुपारीएवढं.)’

धान्यवाल्याचे प्रकरण मी हिला लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी सांगितले होते.

नव्या बाई म्हणाल्या, दर वर्षी वर्गात सगळ्यात जास्त आरडाओरडा याच तराजूवरून व्हायचा म्हणे, काका. मी सुतळी सरळ केल्याचे मान्य केले. मेण कुठे आहे, असे त्यांनी विचारले. ते तीन आठवड्यांपूर्वी केरात गेले.

चहा विचारायचे राहून गेले.

२२ सप्टेंबर

तक्रारअर्ज पाठवला नाही. पाकीट महाग पडते.

शाळेत फोन केला. तास परत मिळणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी नीट समजावून सांगितले. मात्र मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला कुणी टेबल मांडले, तर त्या तिकडे बघणार नाहीत.

तराजू पूर्ववत करणे हे निरीक्षकास पंधरा मिनिटांचे काम. सामान्यांना तासभर लागावा.

२४ सप्टेंबर

सुतळी बोटभर उजवीकडे. पण बोट कुणाचे? माझे जाड आहे. मेण सुपारीएवढे लावले तर उजवे पारडे रिकामेच खाली जाते; कमी केले तर डावे. चार मेणबत्त्या संपल्या. मुलगी म्हणाली, बाबा, पाठवू का एक चांगला तयार तराजू? नको म्हणालो. तयार तराजू खरे असतात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मधली सुट्टी. व्हरांडा. टेबल मांडले. चौदा सूचनांचा फलक नेला नाही. वजन फार होते. मुले आली तीन. त्यातली दोन चेंडू शोधत होती.

उरलेल्या मुलीने तराजूकडे एकदाच पाहिले आणि म्हणाली, आजोबा, हा तर रिकामाच डावीकडे झुकलाय. लगेच कळतंय खोटा आहे ते.

त्यानंतर घंटा झाली.

एकतीस वर्षांत खोटा तराजू माझ्या नजरेतून सुटला नाही. आणि एक करायला घेतला तर जमत नाही. हिला जमला होता, माझेच ऐकून.

उद्या मेण किंचित वाढवून पाहावे.