सितारामच्या खिशातली काडीपेटी

वाडी, पो. झरी
१० जुलै १९७८

ती. दाजींस,
दत्तरावाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे घरात माझ्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही. परभणीच्या डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं होतं की बिडी सोडा, नाहीतर पुढच्या वर्षीचा पोळा दिसायचा नाही. तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर येऊन लगेच सिगारेट पेटवलीत, हे मी विसरलेलो नाही. पण मी सोडली.

एकट्याच्यानं हे होत नाही, ते मागच्या खेपांना कळलंच होतं. आमच्या बांधाशेजारी बौद्धवाड्यातल्या सितारामचं रान आहे. त्याचीही छाती माझ्यासारखीच वाजते. दोघांनी मिळून सोडायचं ठरवलं. मी पोखर्णीच्या नरसिंहाची शपथ घेतली. तो म्हणाला की आपल्याला आपली जबान पुरे. माझं बंडल आणि काडीपेटी त्याच्या खिशात, त्याची माझ्याकडे. स्वतःची बिडी ओढली तर मोह, दुसऱ्याची अमानत ओढली तर चोरी, असा हिशेब. ज्याला तलफ येईल त्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन हाक मारायची. दुसऱ्यानं हातातलं काम टाकून यायचं.

अक्कानं दिलेला भाजका ओवा फार उपयोगी पडतो. एक अडचण मात्र झाली. आजवर मी पेटती बिडी बांधाच्या दगडावर ठेवायचो, सिताराम ती उचलून आपली पेटवायचा आणि परत दगडावर ठेवायचा. हातातून हातात काही द्यायचं नाही, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. ओवा दगडावर ठेवला तर वाऱ्यानं उडून जातो. म्हणून अक्काला सांगा, पुढचा ओवा दोन वेगळ्या पुड्यांत बांधून पाठव.

तुम्हीही सोडून बघा. माझ्यावरचा लोभ मात्र सिगारेटीबरोबर सोडू नये.

आपला,
दत्तराव

परभणी
१६ जुलै १९७८

रा. रा. दत्तराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून तुमच्या अक्का माझ्याकडे अशा बघू लागल्या की मीही परवापासून सोडली. आमच्या लेकीनं, हेमानं, माझं पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलं. काल भाताला तंबाखूचा वास आला आणि बोलणी मला बसली.

कचेरीत मी शाईची दौत साहेबावर फेकणार होतो. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मनगट धरलं म्हणून नोकरी राहिली. तेही सोडणारेच आहेत. आम्ही दोघं दुपारी एकमेकांकडे खाऊ की गिळू असं बघत लवंगा चघळतो. तेव्हा तुमचा राग मला समजतो. पण मारायचंच झालं तर भिंतीला मारा. तानूबाईंच्या वाट्याला जाऊ नका, त्यांचा भाऊ पैलवान आहे.

ओव्याच्या दोन पुड्या एस्टीच्या कंडक्टरजवळ दिल्या आहेत. दगडाची तुमची रीत वाचून तुमच्या अक्का म्हणाल्या की धुरात सोवळं नव्हतं, ते ओव्यात कुठून आलं.

आमची आठवण ओव्याबरोबर चघळत राहावी.

आपला,
दिनकर

वाडी
२२ जुलै १९७८

ती. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

भिंतीपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. कोळपताना हरण्या बैलानं पाय तासाबाहेर टाकला. एवढंच. मी त्याला चाबकानं इतकं मारलं की पाठीवर रक्त उमटलं. तो पळाला नाही, उभा थरथरत राहिला. घरी आलो तर कालवणात मीठ कमी. ताट भिरकावलं, ते तानूच्या कपाळाला लागलं. भुवई फुटली. पदर दाबून ती मला एवढंच म्हणाली की सितारामकडं जा. मला माझीच शिसारी आली, दाजी.

गेलो. दारात हाक मारली. त्यानं माझ्या हातात कुऱ्हाड दिली आणि बाभळीचा ओंडका दाखवला. तळहात फुटेपर्यंत मी फोडत होतो. त्याचीही गत फार निराळी नाही. तलफ आली की तो स्वतःच्या दंडाला चावतो, वळ दिसतात. त्याची आई केशरबाई हसून म्हणते की बिड्या सोडून माणसं खायला लागलेत दोघं.

गावात मात्र कुजबुज आहे. गोविंदराव दादांचा भुजंग, माझा सख्खा पुतण्या, पारावर सगळ्यांसमोर म्हणाला की काकाची संध्याकाळ आजकाल बौद्धवाड्यात उजाडते. मॅट्रिकला दोनदा आपटलेला हा पोरगा. मी त्याची कॉलर धरली होती, दादांनी सोडवलं.

तानूची जखम भरत आली आहे. अक्काला हे कळवू नका. दूर असलात तरी नजर असू द्यावी.

आपला,
दत्तराव

परभणी
२९ जुलै १९७८

रा. रा. दत्तराव यांस,
स. न. वि. वि.

टपालाचा भरवसा नाही म्हणून झरीच्या माणसाबरोबर चिठ्ठी देतो. विद्यापीठाच्या नावाचा ठराव मुंबईत झाला आणि इकडे माणसांची डोकी फिरली. बाजार बंद आहे. एस्टीच्या काचा फुटल्या, खेड्यांतून जाळपोळीच्या बातम्या येतात. ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरी पाहिली नाही तेच सगळ्यांत पुढे आहेत.

चार दिवस सितारामकडे जाणं बंद ठेवा. त्याच्याही भल्याचं तेच आहे. तलफ आली तर घरात बसून ओवा खा. हे ऐकाल एवढा हक्क माझा समजतो.

आपला,
दिनकर

वाडी
६ ऑगस्ट १९७८

ती. वन्संस,
तानूचा शि. सा. नमस्कार.

माझं अक्षर लागलं नाही तर हेमाकडून वाचून घ्या.

भावजींची चिठ्ठी आल्यापासून हे घरातच होते. पिंजऱ्यात घातल्यासारखे फिरायचे. परवा दिवेलागणीला बौद्धवाड्याकडून आरडाओरडा ऐकू आला, मग धूर दिसला. हे कुऱ्हाड शोधायला आत गेले आणि मी बाहेरून कडी घातली. वन्सं, मला वाटलं हे मरतील, नाहीतर कुणाला तरी मारतील. ह्यांनी उखळातल्या मुसळानं दार फोडलं. फळ्या फुटून निघेस्तोवर खाली सगळं पेटलं होतं.

घरं गेली. सितारामचं तर मेढीसकट गेलं. दाव्याला बांधलेली शेळी सोडवताना केशरबाईचे दोन्ही हात भाजले. कातडी लोंबत होती. सितारामला काठ्यांनी मारलं, डोकं फुटलं, एक कान चिरला. शेजारगावची माणसं होती, आणि आपलीही होती. आपला भुजंग होता. मी त्याला पळताना पाहिलं, त्याच्या बाह्या काळ्या झालेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फौजदार पंचनाम्याला आले. सितारामचे खिसे तपासले तर बिड्यांचं बंडल आणि काडीपेटी निघाली. भुजंग पुढं होऊन म्हणाला, बघा साहेब, यानंच स्वतःचं घर जाळलं, सरकारी मदत मिळावी म्हणून. सिताराम म्हणाला की ही अमानत आहे, दत्तरावाची आहे, त्यांना विचारा. फौजदार हसले. सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. गोविंदराव दादांचा हात ह्यांच्या खांद्यावर होता. ह्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सितारामला फुटल्या डोक्यानं गाडीत घालून नेलं.

तेव्हापासून हे जेवले नाहीत. सितारामचं बंडल आणि काडीपेटी कोनाड्यातून काढून मुठीत धरून बसलेत. एक ओढली तर बरं, सुटतील तरी, असंही माझ्या मनात आलं. नरसिंह मला क्षमा करो. भावजींना विचारून काय ते लवकर कळवा. तुमच्या पदराची मला सावली असू द्या.

आपली,
तानू

परभणी
१० ऑगस्ट १९७८

रा. रा. दत्तराव यांस,
स. न. वि. वि.

मी जाऊ नका म्हणालो, तुम्ही ऐकलंत, आणि हे झालं. पण आता पुन्हा सांगतो ते नीट ऐका. गोविंदरावांनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं. भुजंगवर दावा उभा राहिला तर पोराचा जन्म जाईल आणि गाव तुम्हाला पाणी देणार नाही. आपला हात दगडाखाली आहे. सिताराम निर्दोष आहे, आज ना उद्या सुटेल. तुम्ही गप्प राहा.

हे लिहिता लिहिता मी सिगारेट पेटवली. खोटं कशाला सांगू, पाकीट संपवलं.

आपला,
दिनकर

दत्ता, यांचं पत्र पाकिटात घालायच्या आधी मी वाचलं. काडीपेटी तुझी आहे की नाही? असेल तर तुझी म्हणून सांग. तानूला माझा आशीर्वाद. – अक्का

वाडी
२४ ऑगस्ट १९७८

ती. दाजी आणि ती. अक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हातानं लिहितो. अक्काच्या ओळी वाचल्या आणि त्याच सकाळी सितारामचं बंडल नि काडीपेटी घेऊन ठाण्याकडे निघालो. नाल्यात भुजंगनं गाठलं. त्याला कुणी सांगितलं असेल ते मी विचारत नाही. पहिली काठी उजव्या हातावर बसली, दोन बोटं मोडली. दुसरी मी डाव्या हातानं धरून हिसकली. अमानत चिखलात पडली. तो खाली आणि काठी माझ्या हातात.

दाजी, बिडी सोडल्यापासून साठलेला सगळा राग तेव्हा त्या काठीत उतरला होता. हरण्याची पाठ आठवली, तानूची भुवई आठवली, केशरबाईचे हात आठवले. एक घाव पुरला असता. मारायलाच पाहिजे असं वाटत होतं, अजूनही कधी कधी वाटतं. पण पाण्याचा ओघळ येत होता आणि काडीपेटी भिजायला लागली होती. चालणारा हात एकच उरला होता. त्यात काठी धरायची की सितारामची वस्तू? मी काठी टाकली. भुजंग पळाला.

ठाण्यात फौजदारापुढं दोन्ही गोष्टी सांगितल्या. सितारामच्या खिशातलं बंडल नि काडीपेटी माझी, ही घ्या त्याची. आग लागल्यावर भुजंगला पळताना माझ्या बायकोनं पाहिलं आणि ती जबानी द्यायला तयार आहे. ते म्हणाले की काडीपेटी तुझी, तर घर तूच जाळलंस का. मी म्हणालो, तसं लिहायचं तर लिहा, पण त्याला सोडा. एका शिपायानं कानशिलात दिली आणि मला सितारामच्याच कोठडीत ढकललं.

त्याच्या डोक्याला मळकं फडकं होतं. मी त्या दिवशी का बोललो नाही, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं ते एवढंच, की ओढली का? मी नाही म्हणून मान हलवली. पहाऱ्यावरचा माणूस गजाशी बिडी ओढत होता, त्यानं आम्हाला एकेक देऊ केली. वास आला तसे माझे दात वाजायला लागले. सितारामनं चोरखिशातून शेवटचा ओवा काढला. तिथं दगड नव्हता. माझा हात सुजून भोपळा झालेला, चिमूट धरता येईना. तेव्हा त्यानं आपल्या बोटांनी ओवा माझ्या तोंडात घातला. मी रडलो, दाजी. लपवून काय करू?

तानूनं जबानी दिली, मग दोघांनाही सोडलं. भुजंगला धरलं आहे. दादांनी माझ्या नावानं अंघोळ केली आणि आमच्या घराशी बोलणं तोडलं. सिताराम आणि केशरबाई सध्या आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या खोपटात राहतात. ती गावात परत यायला तयार नाही आणि मला तिला ये म्हणायचं तोंड नाही.

तुम्ही परत सुरू केलीत याचा राग नाही. तुमची काडीपेटी येणाऱ्या माणसाबरोबर इकडे पाठवा, मी अमानत ठेवीन. तलफ आली की एस्टी धरा, दारात हाक मारा. आम्ही काम टाकून येऊ. आमच्यावरचा लोभ आता परवडेल तेवढाच ठेवावा.

आपला,
दत्तराव

ता. क. अक्का, ओवा संपला आहे. या खेपेला एकाच पुडीत बांध.