तुमच्या नावाचं पाकीट

अहो वैशूचे बाबा,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण हात धजला नाही. जन्मात कधी तुम्हाला तसं म्हटलं नाही, आता तुम्ही गेल्यावर कशाला नाटक?

लिहायचं कारण असं, की काल तुमच्या नावाचं पत्र आलं. नावापुढे कैलासवासी नाही, काही नाही. अक्षर आपल्या वैशूचं. दोन महिन्यांतलं हे दुसरं. पहिल्याच्या वेळी माझ्या हातून चूक झाली. ती तुमच्या कानावर घातल्याशिवाय या पाकिटाकडे बघायचा धीर होत नाही. जाऊबाई वावरात गेल्या आहेत, तेवढ्यात लिहून घेते.

पहिलं आलं त्या दिवशी पोस्टमन भाऊ दारात चुळबुळत उभे होते.

“वहिनी, दादाच्या नावाचं हाय. परत धाडू का घेता?”

“घेता म्हंजे? माह्या मानसाचं पत्र मी नाई घेनार तं कोन घेईन?”

बोलले ठसक्यात आणि पाकीट उलटसुलट करून पाहिलं. अकोल्याचा शिक्का. तुमची लेक तिथे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलात राहते. फोन लावला की ऐकायचं, “आई, प्रॅक्टिकल हाय. आई, सबमिशन हाय. आई, मेसच्या लायनीत हाय, मंग करीन फोन.” तो ‘मंग’ काही उजाडत नाही. आणि एवढ्या धावपळीत या पोरीला तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बापाला हातानं पत्र लिहायला सवड मिळते? का लिहिलं असेल?

जाऊबाई म्हणाल्या, “फोड ना! पोरगी कायले बापाले पत्र लिवन? काईतरी भानगड असन.”

“तिच्या बापाचं हाय ते.”

“मंग नेऊन दे बापाले! अवं, चाहाच्या वाफेवर धर, गोंद आपोआप सुटते. कोनाले समजत नाई.”

“तुमाले बरं माईत!” मी म्हटलं, तर पदर तोंडाला लावून हसल्या.

फोडायचं नाही, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरजच नव्हती. तुम्ही पुण्याला बांधकामावर जायचात तेव्हाची गोष्ट आठवते ना? तुमचं निळं आंतरदेशीय पत्र यायचं. मला अक्षर येत नव्हतं. जाऊबाई चौथी शिकलेल्या, म्हणून त्या अंगणात बसून मोठ्यानं वाचायच्या. आळीतल्या बाया जमायच्या. “थंडी लय हाय म्हनते तुहा नवरा! गोधडी धाडतं का सोताच जातं?” सगळ्या खिदळायच्या आणि मी चुलीआड तोंड लपवायची. पत्र माझं, पण माझ्या हातात यायचं सगळ्यांच्या शेवटी.

त्याच रागानं मी शिकले. जाऊबाईंनी वाचलेलं तोंडपाठ ठेवायचं आणि मग एकटीनं कागदावर बोट फिरवत बसायचं. ‘थंडी’ कुठे आहे, ‘पुणे’ कुठे आहे. असं करता करता एका जुन्या पत्राच्या घडीत बारीक अक्षरात एक ओळ सापडली. ‘सुमन, तुझ्या हातचं एक अक्षर तरी पाठव.’ ती ओळ जाऊबाईंनी कधी वाचलीच नव्हती. लाजून सोडली की मुद्दाम, ते मी अजून विचारलेलं नाही. मला ती वाचता आली तोवर तुम्ही मोबाईल घेतला होता आणि पत्रं थांबली होती.

अहो, घरी आल्यावर तोंडानं का नाही विचारलंत? वैशूच्या पाटीवर काढून दाखवलं असतं की मी!

एवढं सगळं भोगलेली बाई मी. तरी तिसऱ्या दिवशी चहाचं भांडं चुलीवर ठेवलं आणि पाकीट वाफेवर धरलं. दोन दिवस पोरीनं फोन उचलला नव्हता, म्हणून. कारण खरं आहे, पण चूक ती चूकच.

पहिली ओळ होती, ‘बाबा, हे आईला सांगू नका.’

तिथेच घडी घातली. तुमची शपथ, पुढचा शब्द वाचला नाही. पण ती एक ओळ काय कमी होती? कुणी पोरगा असेल का? काही दुखणं अंगावर काढत असेल का? कुणी त्रास देत असेल का? त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

दुसऱ्या सकाळी एसटी धरली. रिठदहून वाशीम, वाशीमहून अकोला. कॉलेजच्या फाटकातून आत गेले तर जो तो घाईत. छातीशी फायली, कानात वायरी. एक पोरगी तर चालता चालता पोळीची गुंडाळी खात होती. यांना कुणी घटकाभर बसू देत नाही का हो?

वैशू आली ती डाग पडलेल्या पांढऱ्या कोटात. गालाची हाडं वर आलेली.

“आई? तू काहून आली? काय झालं?”

“काई नाई. तुह्या बाबाचं पत्र आलं होतं, ते देयाले आली.”

पोरीचा चेहरा उतरला. लिंबाच्या पारावर बसलो. मी आधीच सांगून टाकलं, “एक ओळ वाचली म्या. पुढं नाई वाचलं.”

मग हळूहळू बोलली. मराठीच्या मॅडमनी सगळ्यांना हातानं पत्र लिहायला लावलं होतं. निम्म्या वर्गाला तिकीट कुठे चिकटवायचं ते माहीत नव्हतं. बाकीच्यांनी मैत्रिणींना लिहिलं, हिनं तुम्हाला.

“मले वाटलं, बाबा नाई म्हंजे पत्र कोठंतरी हरवून जाईन. फोनवर आवाज कापते, आई. कागदावर नाई कापत.”

“काय लिवलं होतं?”

“वर्गात काय चाललं ते मले समजतच नाई. सगळं इंग्रजीत. फळ्यावरचं उतरवून घेते नुसतं. सगळे धावतात म्हून मीबी धावते, कोनाले समजू नये म्हून. मले घरी येऊन जावं वाटते.”

“मंग मले काहून नाई सांगितलं?”

“तुले? तू मास्तर नसताना एकटीनं वाचायले शिकली. गावभर सांगतं तू. मले सात मास्तर हायेत, आई. तुले कसं सांगू?”

खरंच सांगत होते मी. बचत गटात, लग्नाच्या मांडवात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा. वाटायचं, ऐकून पोरीला बळ येईल. तिच्या छातीवर धोंडा ठेवते आहे, हे दिसलंच नाही. तुम्ही असतात तर टोकलं असतंत ना? तिचं सगळं तुमच्याजवळ असायचं. मी आपली भाकरी वाढणारी.

मग मी तिला, आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. “चार वर्सं लागले मले, वैशू. त्यातले दोन वर्सं मी ‘घ’ले ‘ध’च म्हनत होती. अजूनबी अवघड जोडाक्षर आलं की सोडून पुढं जाते.”

हसली. रडता रडता हसली. निघताना म्हटलं, “बाबाले लिवत जाय. आलं तं ठेवून देईन. वाचनार नाई.”

“तू? तू तं भज्याचा कागदबी तेल पुसून वाचतं!” असं म्हणून आपलं पाकीट घेतलं आणि प्रॅक्टिकलला पळाली.

आता हे दुसरं. मागच्या आठवड्यात तिचे पेपर संपले. फोनवर म्हणाली, “बरे गेले.” तेवढंच. आणि हे पाकीट पहिल्यापेक्षा जाड आहे. का जाड असेल? चांगली गोष्ट दोन ओळींत मावते, वाईटालाच कागद जास्त लागतो, असं सारखं मनात येतं. नापास होईन म्हणून भ्याली का? सामान बांधून बसली आहे का? की याहून वेगळं काही आहे, जे पारावरही तिनं सांगितलं नाही?

जाऊबाईंनी आज सकाळीच विचारलं, “चाहा मांडू का?”

“मांडा,” म्हटलं, “पन पियाले.”

वैशूचे बाबा, तुम्हाला वचन देते. हे पाकीट तुमचं आहे. यापुढे येईल तेही तुमचंच. रविवारी भाकरी-ठेचा बांधून अकोल्याला जाईन. पेपरचं विचारणार नाही, पत्राचं तर नाहीच. पारावर बसेन, ती बसली तर जेवू घालीन. बोलली तर ऐकेन. घरी यायचं म्हणाली, तर आधी ‘ये’ म्हणेन आणि मग बाकीचं बोलेन.

हात शिवशिवतो आहे. भीती वाटते आहे. तरी फोडत नाही.

तुमची,
सुमन